त्वचेच्या आजाराला पॅलिएटिव्ह केअर कशाला?

(पत्राचा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईचं वय ६४. सोरायसिस जवळपास पंचवीस वर्षांचा. आधी कोपर-गुडघ्यांपुरता होता, आता पाठ, पोट, पाय, तळवे असा सगळीकडे पसरलाय आणि बोटांचे सांधेही आखडलेत. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसवरचं औषध यकृतामुळे बंद करावं लागलं. बायोलॉजिक इंजेक्शनांवर दोनेक वर्षं छान गेली, मग गुण कमी झाला, त्यातच पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊन तिला ॲडमिट करावं लागलं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, संसर्ग पूर्ण बरा होऊ दे, मग दुसऱ्या प्रकारचं इंजेक्शन बघू. पण त्याच भेटीत त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर विभागाला दाखवा’ अशी चिठ्ठीही दिली. भाऊ भडकला. तो म्हणतो, हे शेवटच्या दिवसांतल्या कॅन्सरच्या पेशंटसाठी असतं, डॉक्टरांनी हात टेकलेत. त्याने एक ठिकाण शोधलंय, तिथे मुळापासून बरं करायची खात्री देतात. मी चिठ्ठी फायलीच्या मागच्या कप्प्यात ठेवलीय. आईला दाखवली तर ती खचेल. रात्री खाजेने तिला झोप नाही, म्हणून मलाही नाही. सकाळी आमच्याआधी उठून ती चादरीवरचा कोंडा झटकून टाकते, कुणी बघायच्या आत. कधी कधी मनात येतं, त्वचेचाच तर आजार आहे, जीव थोडाच जातोय, मग आपण एवढं का थकायचं? आणि असं मनात आलं की स्वतःचाच राग येतो. काय करू?

ताई,

चिठ्ठी बाहेर काढा. घाईने नाही, पण काढा.

डॉक्टरांनी एकाच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, संसर्ग आटोक्यात आला की पुढचं औषध. दोन, तोवर आणि त्यानंतरही आईच्या त्रासाकडे बघणारी आणखी माणसं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हेच: गंभीर आजाराने होणारा त्रास हलका करणारी काळजी. तुमच्या घरात दुसरी गोष्ट इतकी मोठ्याने ऐकली गेली की पहिली कुणाच्या लक्षातच राहिली नाही. हात टेकलेला डॉक्टर पुढच्या इंजेक्शनाचं बोलत नाही. उलट, त्वचारोगात पॅलिएटिव्ह केअरची आठवण ठेवणारे डॉक्टर अजून कमीच आहेत. तुमच्या डॉक्टरांना ती झाली याचा अर्थ त्यांनी आईच्या चट्ट्यांबरोबर तिचा चेहराही पाहिला असणार.

भावाचा गैरसमज मात्र हवेतून आलेला नाही. सिसिली साँडर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस हे शुश्रूषागृह सुरू केलं, ते प्रामुख्याने मरणासन्न माणसांसाठीच होतं, आणि त्यात कॅन्सरचे रुग्ण जास्त होते. या शाखेवरचा तो शिक्का अजून पुसलेला नाही. पण काम तिथे थांबलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्येच आपल्या व्याख्येत स्पष्ट केलं की ही काळजी गंभीर आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातही, मूळ उपचार चालू असतानाच द्यायची असते. २०१४ च्या जागतिक आरोग्य सभेत पॅलिएटिव्ह केअर बळकट करण्याचा ठराव झाला. त्याच सभेत सोरायसिसवरही स्वतंत्र ठराव झाला आणि त्यात हा आजार दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक, विद्रूप करणारा आणि अपंगत्व आणणारा असल्याचं नमूद केलं गेलं. दोन्ही ठराव एकाच सभेतले, पण ओपीडीत त्यांची गाठ क्वचितच पडते.

‘हे सुरू केलं की आयुष्य कमी होतं’ अशी भीती असेल तर एक अभ्यास भावाला जरूर सांगा. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा हा अमेरिकेतला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांचं रोजचं जगणं तर सुसह्य झालंच, शिवाय ते इतरांपेक्षा सर्वसाधारणपणे अडीच महिन्यांहून अधिक जगले. तो आजार वेगळा, त्यामुळे तिथले आकडे आईला लावता येणार नाहीत. पण ‘तिकडे गेलं म्हणजे संपलं’ या समजुतीला उत्तर म्हणून तो पुरेसा आहे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ज्याचा तुम्हाला स्वतःलाच राग येतो: जीव थोडाच जातोय. हे वाक्य तुमचं एकटीचं नाही. आईने ते पंचवीस वर्षं या ना त्या तोंडून ऐकलं असणार, आणि बहुधा स्वतःलाही ऐकवलं असणार. चादर झटकण्यामागे तेच असावं असं मला वाटतं. ज्या दुखण्याने मरण येत नाही त्याची तक्रार करायची नाही, वर त्याचा पसारा इतरांना दिसूही द्यायचा नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे १९९४ पासून दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, डीएलक्यूआय नावाची. गेल्या आठवड्यात खाज, आग, दुखणं किती झालं, लाज किती वाटली, कपडे निवडताना, घरकाम करताना, लोकांत मिसळताना, जवळीक साधताना त्वचा किती आड आली, उपचारांचाच किती व्याप झाला, असे प्रश्न. गुण शून्य ते ३०. दहाच्या वर गेले तर आजार जगण्यावर फार मोठा परिणाम करतोय असं मानतात. मरणाबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. पुढच्या भेटीत ती मागून घ्या आणि आईला स्वतःच्या हाताने भरू द्या. बोटं दुखत असतील तर तिने सांगावं, तुम्ही खूण करावी. पण उत्तर तिचंच हवं. बऱ्याच घरांत त्यातली उत्तरं वाचून पहिल्यांदाच काहीतरी कळतं.

पॅलिएटिव्ह केअरची माणसं करतात तरी काय, हे माहीत नसल्याने निम्मी भीती वाटते. तुमच्या घरात ती आली तर पहिला प्रश्न बहुधा रात्रीचा असेल. खाजेला आपण किरकोळ दुखणं मानतो, पण झोप मोडणारी खाज माणसाला वेदनेइतकीच पोखरते. रात्री त्वचेचं तापमान वाढतं, शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह कमी करणारं नैसर्गिक संप्रेरक, कमी असतं आणि मन गुंतवायला काही नसतं, म्हणून ती तेव्हाच उसळते. तिच्यावर सर्रास दिली जाणारी ॲलर्जीची गोळी सोरायसिसमध्ये फारशी चालत नाही, कारण ही खाज मुख्यतः हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाची, नसते. जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी गुंगी येते आणि आपण त्या गुंगीलाच गुण समजतो. वय झालेली व्यक्ती त्याच गुंगीत रात्री बाथरूमला जाताना पडते. या विभागातले डॉक्टर वेगळ्या वाटेने जातात. मज्जातंतूंवर काम करणारं गॅबापेंटिन, किंवा कमी मात्रेत मिर्टाझापिन, असे पर्याय ते मूत्रपिंड आणि यकृत बघून तोलतात. मिर्टाझापिन हे मूळचं नैराश्यावरचं औषध आहे. पुडक्यातली माहिती वाचून ‘आईला वेडं ठरवलं’ असं भावाला वाटू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

औषधाशिवायही बरंच असतं. त्वचा मऊ ठेवणारं मलम किती लावायचं याचा अंदाज बहुतेक घरांत चुकतो. सगळ्या अंगाला लावायचं तर प्रौढ माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं. महिनाभर एक छोटी ट्यूब पुरवणारी माणसं ‘मलमाचा उपयोग होत नाही’ म्हणतात, तेव्हा दोष मलमाचा नसतो. अंघोळीनंतर अंग हलकं टिपून, ओलसर असतानाच लावा, केसांच्या दिशेने, न चोळता. स्टिरॉइडच्या मलमाचा हिशेब वेगळा: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ मावते, ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मलम मुरलेले कपडे, चादरी, बँडेज चटकन पेट घेतात, आणि धुतल्यावरही तो अंश पूर्ण जात नाही. आईला पेटत्या ज्योतीपासून, विडी-सिगारेटपासून लांब ठेवा.

पायाच्या जखमेचं ड्रेसिंग घरीच होतंय असं तुमच्या पत्रावरून वाटलं. ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या अर्धा ते एक तास आधी. संपल्यावर दिली तर तिचा उपयोग त्या वेळेला होतच नाही. पट्टी चिकटली असेल तर कोमट सलाइनने भिजवा आणि वाट बघा. मग एका हाताने शेजारची त्वचा हलकी दाबून धरा आणि दुसऱ्याने पट्टी वर न ओढता त्वचेला समांतर, मागे दुमडत सोडवा. ‘थांब’ म्हणायचा हक्क आईचा, आणि ती म्हणाली की खरंच थांबायचं. सिलिकॉनचा थर असलेल्या न चिकटणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्यांच्याबद्दल विचारा. जखमेला वास येत असेल तर संकोच न करता सांगा. संसर्ग परततोय का हे आधी बघावं लागतं, आणि वासावर वरून लावायचं मेट्रोनिडाझोल हे जंतुनाशक औषध किंवा कोळशाचा थर असलेली पट्टी असे उपाय आहेत. वासामुळे माणसं स्वतःला एका खोलीत कोंडून घेतात आणि कारण मात्र दुसरंच सांगतात.

सांध्यांच्या दुखण्यासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या मनाने देऊ नका. यकृत नाजूक असताना पॅरासिटामॉलचीही मर्यादा डॉक्टरांनीच ठरवायची असते, आणि इतर वेदनाशामकं पोट-मूत्रपिंडाला बाधू शकतात. मॉर्फिनचं नाव निघालं तर घाबरू नका; पण अशा दुखण्यात ते सहसा पहिलं औषध नसतं, आणि गंमत म्हणजे त्यानेच कधी कधी अंगाला खाज सुटते. कुठे वापरायचं नाही हेही ज्यांना नीट कळतं, अशा माणसांकडे जाण्याचा हा एक फायदा.

पण मला या विभागाचं सर्वांत मोलाचं काम वाटतं ते वेगळंच. ते उपचारांचा भार मोजतात. दिवसातून तीनदा चिकट मलम, कपड्यांना डाग पाडणारा डांबराचा लेप, आठवड्यातून अनेकदा प्रकाशोपचारासाठी खेपा, चार डॉक्टरांच्या चार वेळा: यातलं आईला खरंच काय देऊन जातं आणि काय नुसतं दमवतं? काही गोष्टी कमी करता येतात. त्वचा पूर्ण स्वच्छ होणं हेच ध्येय धरलं तर गेली कित्येक वर्षं नापासच. सलग पाच तास झोप, हाताची बोटं भेगांविना, पायात चप्पल घालून अर्धा तास चालणं, असं ध्येय तिने स्वतः ठरवलं तर उपचारांची निवडच बदलते. साँडर्सबाई वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चारही अंगांनी एकत्र पाहायच्या. तुमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर खाज, खचणं, लोकांत न जाणं आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हे चार वेगळे आजार नाहीत.

खचण्याबद्दल एक स्पष्ट सांगते. दीर्घकाळच्या सोरायसिसमध्ये नैराश्य बऱ्यापैकी आढळतं. आई ‘आता नको झालं’ असं म्हणत असेल तर ते वाक्य वरच्यावर सोडून देऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; असलेला बोलता येतो. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता भावाने शोधलेलं ठिकाण. त्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही; आईसाठी काहीतरी करायचंय आणि हातात काही नाही, अशा माणसाला ‘खात्री’ हा शब्द फार गोड लागतो. पण सोरायसिस काबूत ठेवता येतो, मुळापासून काढता येत नाही. तशी हमी देणाऱ्या काहींच्या पुड्यांत आणि बिननावाच्या मलमांत स्टिरॉइड सापडलेलं आहे. सुरुवातीला चमत्कार दिसतो. बंद केलं की सोरायसिस जोराने उसळू शकतो, कधी अंगभर पूयुक्त पुटकुळ्या येऊन जिवावर बेततं. आईचं यकृत आधीच दुखावलेलं आहे, संसर्ग नुकता होऊन गेलाय. तिच्यासाठी हा जुगार इतरांपेक्षा महाग आहे. भावाशी वाद घालू नका, एकच अट घाला: जे देणार त्यातल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून आणायची आणि आपल्या डॉक्टरांना दाखवायची. देणारा लिहून द्यायला तयार नसेल तर बोलणं तिथेच संपलं. आणि असं काही आधीच सुरू झालं असेल, तर घाबरून एकदम बंदही करू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइड अचानक तोडणं स्वतःच धोक्याचं असतं.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट खटकली. भाऊ काय म्हणतो ते आहे, डॉक्टर काय म्हणाले ते आहे, तुमच्या मनात काय येतं तेही आहे. आई काय म्हणते, ते कुठेच नाही. ती खचेल असं तुम्ही धरून चाललात. पंचवीस वर्षं हे अंगावर वागवणारी बाई एका चिठ्ठीने खचेल का? मला तरी तसं वाटत नाही. चिठ्ठी लपवल्याचं नंतर कळलं, तर मात्र ‘नक्कीच काहीतरी भयंकर असणार’ असं तिला वाटेल, आणि मग समजावणं कठीण जाईल.

तिला सांगताना विभागाच्या नावापासून सुरुवात करू नका, तिच्या रात्रीपासून करा. ‘आई, तुझी खाज आणि झोप याकडे बघणारे वेगळे डॉक्टर आहेत. आपल्या डॉक्टरांनी त्यांना भेटायला सांगितलंय. पुढचं इंजेक्शन आहेच, ते काही रद्द नाही. जाऊन यायचं का?’ एवढंच. मग गप्प बसा. तिने ‘मी मरणार आहे का?’ असं विचारलं तर विषय टाळू नका. सांगा, ‘तसं कुणी म्हटलेलं नाही, पण तुला विचारायचं असेल तर आपण डॉक्टरांनाच विचारू, मी शेजारी बसेन.’ भेटीला भावालाही न्या. त्याचे प्रश्न त्याने तिथे विचारावेत; तुम्ही दोघांमधली दुभाषी होण्याची गरज नाही.

तुमच्या थकण्याबद्दलही तिथेच बोला. त्या दहा प्रश्नांसारखीच एक यादी घरच्यांसाठीही आहे: झोप, खर्च, कामाचा बोजा, मनावरचा ताण असं विचारणारी. ज्यांनी ती बनवली त्यांनी तुमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवलंय. आठवड्यातल्या दोन रात्री भावाने आईजवळ झोपायचं, हे मात्र डॉक्टरांनी सांगायची वाट बघू नका. आणि तोच रात्री जागला तर ‘हे सगळं कशाला’ हा त्याचा प्रश्न बहुधा आपोआप बदलेल.

जिथे असा विभागच नाही, त्यांनी काय करावं, असं इतर वाचक विचारतील. बरंचसं काम नेहमीचे त्वचारोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टरही करू शकतात, मागितलं तर. दोन आठवडे रोज रात्रीची खाज आणि दुखणं शून्य ते दहामध्ये लिहा, किती वेळा जाग आली तेही लिहा, आणि भेटीत चट्टे दाखवायच्या आधी ती वही पुढे करा. ‘त्वचा कशी आहे’ यावर दहा मिनिटं जाण्याऐवजी ‘रात्र कशी जाते’ यावर जाऊ द्या. जन्मजात फोड येणारा एपिडर्मोलिसिस बुलोसा, मोठेपणी फोड येणारा पेम्फिगस, काखेत-जांघेत पुन्हा पुन्हा गळवं येणारा हायड्राडेनायटिस, वर्षानुवर्षं न भरणारी पायाची जखम, या सगळ्यांना हेच लागू आहे.

काही झालं तरी थांबायचं नाही असे प्रसंग ठरवून ठेवा: जवळपास सगळं अंग लाल होऊन थंडी वाजणं, ताप, अंगभर पिवळट पुटकुळ्या, जखमेभोवती झपाट्याने पसरणारी लाली, गोंधळल्यासारखं बोलणं. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना. पॅलिएटिव्ह केअर चालू आहे म्हणून हे उपचार कुणी नाकारत नाही, आणि नाकारले तर तुम्ही ठामपणे मागायचे.

आणि आई ‘नको’ म्हणाली तर? तेही उत्तर आहे. का नको ते विचारा. नावाची भीती, आणखी एका खेपेचा कंटाळा, की परक्या माणसापुढे अंग उघडं करण्याचा संकोच. कंटाळा असेल तर फोनवर किंवा घरी येऊन भेट होते का ते बघता येईल, संकोच असेल तर महिला डॉक्टर मागता येतील. तरीही नकोच म्हणाली तर चिठ्ठी फायलीत पुढच्या कप्प्यात ठेवा, तिला दिसेल अशी, आणि नव्या इंजेक्शनाचं ठरेल तेव्हा पुन्हा एकदा विचारा.